‘कौतुक’ शब्दाच्या छटा पोथीतून कशा शोधाव्यात

कारंजा लाडच्या वाचकांनी जुन्या मराठीची सुरुवात गुरुचरित्राच्या अकराव्या अध्यायापासून करावी. नृसिंहसरस्वतींच्या जन्माची ही कथा गावात बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे लक्ष कथेपेक्षा शब्दांकडे देता येते.

१. रोजच्या वापरातला एकच शब्द निवडावा. अनोळखी शब्द आपण कोशात पाहतोच. ओळखीचा मात्र तपासत नाही. येथे ‘कौतुक’ घेऊ.

२. कोश उघडण्याआधी आजचे उपयोग वहीत लिहावेत. बक्षीस मिळालेल्या मुलीचे कौतुक, ‘मोठं कौतुक सांगतोय’ यातला टोमणा, ‘मला नाही त्याचं कौतुक’ यातली अनास्था.

३. मग ग्रंथ वाचावा, पण पारायणाच्या गतीने नव्हे. सात दिवसांत पोथी संपवणे हे वेगळे काम आहे. शब्द भेटला की मागच्या-पुढच्या ओव्या वाचून कोण कोणाला बोलत आहे ते पाहावे आणि अध्याय, ओवी व आपला तर्क नोंदवावा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठी बोलाविषयीची प्रसिद्ध ओवी आहे. तेथे ‘कौतुकें’ म्हणजे ‘अभिमानाने’ असे अनेकजण धरून चालतात. त्याऐवजी ‘लीलया, सहज खेळता खेळता’ हा अर्थ घेऊन पाहावे. अमृताशी पैज जिंकणे मग कवीला किती सोपे वाटते आहे, ते ऐकू येते.

४. पद्याला गद्याची जोड द्यावी. ओवीत यमकासाठीही शब्द येऊ शकतो. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात ती अडचण नाही.

५. आता कोश पाहावेत. मोल्सवर्थ (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) अर्थ क्रमाने देतो. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ अवतरणे, म्हणजे ग्रंथांतील प्रत्यक्ष उदाहरणे, देतो, त्यातील ‘ज्ञा.’ म्हणजे ज्ञानेश्वरी. तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) इंग्रजीत अर्थ सांगतो. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे तिन्ही आहेत.

६. एका कवीवरून निष्कर्ष काढू नये. आपल्याला मराठी भाषा येत नाही, असे गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर स्वतःच सांगतात. हा विनय असेलही; तरी दुसऱ्या ग्रंथाचा दाखला मिळेपर्यंत छटेपुढे प्रश्नचिन्ह ठेवावे.

७. शेवटी प्रत्येक नोंदीत ‘कौतुक’च्या जागी नवल, लाड, लीला, प्रशंसा हे शब्द पाळीपाळीने घालावेत. जेथे एकही नीट बसत नाही, त्या ओवीला खूण करून तिचा अर्थ पूर्ण वाक्यात लिहावा.