पर्वत पाटियाचा खाडीपूर आणि जीआयएसची पहिली नोकरी

जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशाकाम, शिकायचं ठरलं की घरचे आधी क्लासची फी विचारतात. फीचं नंतर बघू. आधी एक प्रश्न हवा, आणि सुरतच्या पर्वत पाटियाला किंवा शेजारच्या लिंबायत-डिंडोलीत राहणाऱ्या खान्देशी पोराला तो शोधायला लांब जावं लागत नाही: पावसाळ्यात खाडीचं पाणी कोणत्या सोसायटीत किती चढतं? 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात घुसली, तो पूर सगळ्यांना पाठ आहे. खाडीपूर वेगळा. कामरेज-पलसाणा बाजूला कोसळलेला पाऊस मिठी, कोयली अशा खाड्यांतून शहराच्या आग्नेय अंगाला उतरतो, उकाईचे दरवाजे बंद असले तरी. त्याचा गल्लीवार नकाशा बनवता बनवता या धंद्यातली बरीच कामं हाताखालून जातात.

1. साधनं. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, साधा अँड्रॉइड मोबाइल, मोजपट्टी. सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, ते मोफत आहे. डाउनलोड करताना दीर्घ मुदतीची स्थिर आवृत्ती घ्या, सर्वांत नवी नको. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे आहेत. सुरुवातीचे थोडे करा आणि कामाला लागा. सगळे संपवून मग नकाशा काढू म्हणणारे नकाशा काढत नाहीत.

2. प्रोजेक्शन. नवा प्रोजेक्ट उघडून सर्वांत आधी यूटीएम झोन 43 उत्तर लावा, कोड ईपीएसजी 32643. सुरत 72 रेखांशाच्या जरा पूर्वेला, म्हणजे या झोनच्या पश्चिम कडेला येते. खाडीची लेयर अक्षांश-रेखांशांत ठेवलीत आणि काठापासून 50 मीटरचा बफर मागायला गेलात, तर मोजमाप अंशांत होतं आणि 50 अंशांचा पट्टा अर्धा आशिया गिळतो. मुलाखतीत हमखास विचारतात ते हेच.

3. लेयर. एकच जिओपॅकेज फाइल करा, तिच्यात तीन लेयर: खाडीची रेषा, पूल आणि मोऱ्यांचे बिंदू, पाण्याच्या खुणांचे बिंदू. खुणांच्या टेबलात रस्त्यापासून उंची सेंटिमीटरमध्ये, वर्ष, माहिती कोणाकडून मिळाली (नाव नको, ‘किराणा दुकानदार’, ‘तळमजल्यावरची रहिवासी’ एवढं पुरे) आणि फोटो, असे रकाने ठेवा. उंचीचा रकाना आकड्यांचाच हवा. त्यात कोणी ‘गुडघाभर’ लिहिलं की बेरीज-वजाबाकी संपली.

4. गल्ली. इथे घाई करू नका. सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे. मोबाइलवर क्यूफील्ड टाका, प्रोजेक्ट त्यात न्या आणि फिरा. ‘पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?’ (पाणी कुठपर्यंत आलं होतं?) एवढं गुजराती पुरतं. उत्तर गुजरातीत येईल, मारवाडी वळणाच्या हिंदीत येईल, कधी अहिराणीतही येईल. भिंतीवरचा डाग दिसत असेल तर मोजपट्टी लावा. नुसत्या आठवणीवर बिंदू टाकत असाल तर तसा वेगळा शेरा करा, कारण तापीच्या पुराची उंची आणि खाडीपुराची उंची लोकांच्या बोलण्यात हमखास मिसळतात. वर्ष दोनदा विचारा. अरुंद गल्लीत मोबाइलचा जीपीएस शेजारच्या इमारतीवर उडी मारतो, म्हणून इमारत ओळखून बिंदू बोटाने जागेवर सरकवा.

5. उपग्रह. सेंटिनेल-2 ची चित्रं 10 मीटर तपशिलाची आणि फुकट आहेत, पण ऐन पावसात त्यांत ढगच दिसतात. सेंटिनेल-1 चं रडार ढगांपलीकडे पाहतं. तरी ते रोज येत नाही, आणि दाट वस्तीत भिंतींवरून उलटणारा संकेत पाणी लपवतो. उंचीसाठी एसआरटीएम किंवा इस्रोच्या भुवन पोर्टलवरचं कार्टोडेम घ्याल. त्यांची चूक काही मीटरची असू शकते आणि त्यांत छपरंही मोजली जातात. सपाट पर्वत पाटियात दोन गल्ल्यांमधला हातभर फरक त्यांना कळत नाही. म्हणून तर मोजपट्टी.

6. मोह टाळा. खुणांचे बिंदू जमले की इंटरपोलेशनचं बटण खुणावतं आणि पडद्यावर गुळगुळीत निळा रंग पसरतो. दिसतो देखणा, असतो खोटा. पाणी कुंपणाच्या भिंतीशी अडतं आणि चढवलेल्या रस्त्याच्या अलीकडे थांबतं, हे त्या गणिताला ठाऊक नसतं. बिंदू बिंदूच ठेवा, उंचीनुसार लहानमोठे करा.

7. टीपी स्कीम. बिंदूंखाली आता जमिनीचे खंड हवेत. गुजरातमध्ये 1976 च्या नगररचना कायद्याने शहराची वाढ टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीममधून होते: मूळ खंड एकत्र धरायचे, रस्ते-बागांसाठी जमीन कापायची, उरलेले अंतिम खंड मालकांना द्यायचे. मगोब-डुंभाल बाजूच्या एखाद्या स्कीमचा छापील नकाशा मिळवून स्कॅन करा आणि जिओरेफरन्स करा. नियंत्रण बिंदू चारही कोपऱ्यांत पसरवा, चौकांचे कोपरे धरा. झाड किंवा खाडीचा काठ नको, दोन्ही जागा सोडतात. मग खंड डिजिटाइज करून फटी आणि एकमेकांवर चढलेल्या कडा तपासा. कंटाळवाणं आहे. पण पहिली नोकरी बहुधा याच कामाची असते: महापालिका, गॅस, पाणी, वीज, ज्यांचा ज्यांचा माल जमिनीत पुरलेला आहे त्यांना खंड आणि वाहिन्या नकाशावर आणून देणारी माणसं लागतात.

8. कागद. आता प्रमाणपत्राचं बघा. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था फुकट ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. पदवी भूगोल, सिव्हिल किंवा संगणकाची असेल तर पुढे पुण्यात जिओइन्फर्मेटिक्सचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं; गांधीनगरची बायसॅग-एन ही संस्था तर आपल्याच राज्यात. बीकॉमवाल्यांनीही दबून जाऊ नये, टेबल नीट ठेवणारा माणूस इथे कमी सापडतो. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने भारतीय कंपन्यांसाठी नकाशे बनवण्यावरची पूर्वपरवानगीची अट काढली; तेव्हापासून या कामाची दारं बरीच मोकळी झाली.

9. अर्ज. बायोडेटासोबत ए4 चा एकच नकाशा जोडा: प्रमाणपट्टी, उत्तर दिशा, स्रोत, तारीख आणि खाली दोन ओळींत मर्यादा. खाडी आणि मोऱ्या ओपनस्ट्रीटमॅपवरही चढवा, तिथे तुमच्या नावावर नोंद राहते. फक्त गूगलच्या चित्रावरून गिरवू नका, त्याला परवानगी नाही. अहमदाबाद, पुणे, हैदराबाद इथल्या कंपन्यांत ऑपरेटरची जागा मिळाली आणि पगार बेताचा असला तरी घ्या. संध्याकाळी एसक्यूएल सुरू करा, पोस्टजीआयएसवर, त्यानंतर पायथन. सरावाला डेटा शोधत बसू नका, पुढच्या पावसाळ्यात त्याच गल्ल्यांतून नवे आकडे येतील.