सामुदायिक उष्णता पुरवठा : डेन्मार्कचा अनुभव

उत्तर युरोपातील डेन्मार्क या देशात हिवाळा दीर्घ असतो. तेथे घर उबदार ठेवणे ही चैन नसून मूलभूत गरज होय. ही गरज भागविण्यासाठी घरोघरी स्वतंत्र भट्टी पेटविण्याऐवजी एका केंद्रात पाणी तापविले जाते व ते जमिनीखालील उष्णतारोधक नळांतून घरोघर पोचविले जाते. उष्णता दिल्यावर निवालेले पाणी दुसऱ्या नळाने केंद्राकडे परतते. आज त्या देशातील सुमारे दोन-तृतीयांश घरांना अशा रीतीने उष्णता मिळते.

या पद्धतीचा आरंभ १९०३ साली फ्रेडरिक्सबर्ग येथे झाला. तेथे कचरा जाळून मिळालेली उष्णता रुग्णालयास पुरविण्यात आली. तिचा खरा विस्तार मात्र १९७३ च्या तेलसंकटानंतर झाला. त्या वेळी देशाची बहुतेक ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. १९७९ च्या उष्णता पुरवठा कायद्यान्वये कोणत्या भागास सामुदायिक उष्णता व कोणत्या भागास नैसर्गिक वायू द्यावयाचा, याचे नियोजन नगरपालिकांकडे सोपविण्यात आले. दर खर्चाइतकाच, नफ्याविना आकारावा, असे बंधन पुरवठादारांवर आहे. अनेक पुरवठा संस्था तर ग्राहकांच्याच सहकारी संस्था आहेत.

वीजकेंद्रात वाया जाणारी उष्णताही या नळांत सोडली गेली. महाराष्ट्रातील साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून वाफ व वीज दोन्ही मिळवितात, त्याच तत्त्वाचा हा अवलंब होय.

या व्यवस्थेचा मोठा लाभ पुढे दिसून आला. कोळसा सोडावयाचा ठरल्यावर प्रत्येक घरातील साधन बदलावे लागले नाही. केंद्रातील इंधन बदलणे पुरेसे झाले. आर्हुसजवळील स्टुडस्ट्रुप केंद्रातील एक संच २०१६ साली कोळशाऐवजी लाकडाच्या गोळ्यांवर चालू लागला.

तथापि येथे प्रश्न संपत नाही. या लाकडाचा मोठा भाग परदेशांतून येतो, आणि तोडलेले झाड पुन्हा वाढण्यास अनेक वर्षे लागतात. त्या अवधीत धुराड्यातून गेलेला कर्बवायू वातावरणातच राहतो. म्हणून आता ज्वलनाविना उष्णता मिळविण्याकडे लक्ष वळले आहे. मार्स्टाल येथे उन्हाळ्यातील सौर उष्णता हिवाळ्यासाठी भल्यामोठ्या जलकुंडात साठविली जाते. ओडेन्स येथे संगणक-केंद्रातील वाया जाणारी उष्णता, तर एस्बर्ग येथे समुद्राच्या पाण्यातील उष्णता पंपांच्या साह्याने घरांना पुरविली जाते. अशा उगमांसाठी नळांतील पाण्याचे तापमान कमी ठेवणे उपकारक ठरते. त्यामुळे वाटेत वाया जाणारी उष्णताही घटते. मात्र त्यासाठी जुन्या इमारतींच्या भिंती व खिडक्या उष्णतारोधक कराव्या लागतात. हे काम खर्चाचे आहे, आणि त्याचा भार कोणी उचलावा हाच तेथील पुढचा प्रश्न आहे.

नळांचे जाळे एकदा टाकले की अनेक दशके टिकते. इंधन मात्र बदलत जाते. यास्तव आज सोयीच्या इंधनापेक्षा उद्याच्या बदलास वाव देणारी रचना निवडणे, आणि त्या निवडीत स्थानिक संस्था व ग्राहक यांना अधिकार देणे, हाच या अनुभवाचा बोध होय.