ग्रहण नव्हे, एक जादा गुणसूत्र

गेल्या पावसाळ्यात पाथर्डीकडच्या एक आजी दोन महिन्यांचा नातू घेऊन दवाखान्यात आल्या. सून मागे मान खाली घालून उभी. "डॉक्टरसाहेब, हिनं ग्रहणात भाजी चिरली, म्हणून पोर असं झालं," आजींनी तिच्यादेखत सांगून टाकले.

बाळाचे डोळे बाहेरच्या बाजूला वर चढलेले, नाक बसके, कान लहान. अंग इतके सैल की उचलताना हातातून निसटेल असे वाटावे. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत फट. तळहातावर एकच आडवी रेघ. (नुसत्या रेघेवरून घाबरू नका, ती धडधाकट माणसांच्या हातावरही असते.) ही सारी लक्षणे डाऊन सिंड्रोमची. डॉ. जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ साली त्यांचे वर्णन केले. कारण सापडायला १९५९ उजाडले.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, निम्मी आईकडची, निम्मी वडिलांकडची. बीज तयार होताना कधी कधी २१ क्रमांकाची जोडी सुटी होत नाही आणि बाळाला ते गुणसूत्र दोनाऐवजी तीन मिळतात. शंभरातल्या सुमारे ९५ बाळांत हेच घडते. ही चूक बहुधा स्त्रीबीजात, क्वचित पुरुषबीजात होते आणि दिवस राहतात तेव्हाच ठरून गेलेली असते. मग पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाचा संबंध येतोच कुठे?

आईचे वय पस्तिशीपुढे गेले की शक्यता वाढते. चाळिशीत साधारण शंभरात एक. तरी अशी बरीच बाळे तरुण आयांना होतात, कारण बाळंतपणे त्याच वयात जास्त. ही सून बावीस वर्षांची.

शंभरात तीन-चार बाळांत जादा गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेले असते. तिथे आई किंवा वडील वाहक असू शकतात. म्हणून पुढच्या खेपेआधी बाळाच्या रक्ताची गुणसूत्र तपासणी करून घ्यावी.

त्याहून घाईचे काम हृदयाचे. जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो आणि नळीने तो दर वेळी ऐकू येत नाही. इको करायलाच हवा. थायरॉइड, कान, डोळेही तपासावेत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा विकार आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला बाळ दाखवा.

"म्हणजे हिचा दोष नाही?" आजींनी विचारले.

"नाही, मावशी. कुणाचाच नाही."

इकोत पडद्याला छिद्र निघाले. शस्त्रक्रियेचे कागद आता आजीच सांभाळतात.