टेबल तयार होत नाही? आधी एरर वाचा

कळंब तालुक्यातल्या शाळांची माहिती मायएसक्यूएलमध्ये ठेवायची तर सुरुवातीला दोन टेबलं पुरतात: शाळा आणि विद्यार्थी. स्क्रिप्ट चालवली की बहुतेकदा 1064 नंबरची एरर येते. घाबरू नका. एररमध्ये जो शब्द दाखवलाय, त्याच्या जरा आधी बघा. स्वल्पविराम राहिलेला असतो, नाहीतर शेवटच्या रकान्यानंतर जास्तीचा पडलेला असतो. (मुलांच्या निबंधातही हेच!)

फॉरेन की जोडताना मात्र डोकं लावावं लागतं. विद्यार्थी टेबल यूडायस क्रमांकावरून शाळा ओळखतं, म्हणून शाळेचं टेबल आधी तयार हवं आणि दोन्हीकडं त्या रकान्याचा प्रकार एकच हवा.

कोणता प्रकार? इंटमध्ये जास्तीत जास्त 2147483647 मावतं. आपला यूडायस 11 अंकी, 27 ने सुरू होणारा, मावणारच नाही. टेबल बिनतक्रार तयार होतं, एरर येते ती माहिती भरताना. आधार तर 12 अंकी. यांची कुठं बेरीज करायचीय? सरळ व्हारकॅर द्या.

नावाचंही बघा. ‘ज्ञानेश्वर’मध्ये आपण चार अक्षरं मोजतो, मायएसक्यूएल दहा मोजतं, कारण पाय मोडल्याची खूण, काना, मात्रा त्याला वेगवेगळे. रकान्याला 20 ची मर्यादा दिली तर पूर्ण नाव बसत नाही. काही ठिकाणी ते गुपचूप तुटतं, तसंच दाखल्यावर उतरतं आणि पालकांना हेलपाटे. 150 ठेवा.

1050 आली, म्हणजे टेबल आधीच आहे. लगेच ड्रॉप टेबल मारू नका. आधी सिलेक्ट करून बघा, आत मुलांची नावं असतील.