पावात घालायचे पातळ मटण

बिनहाडाचे मांस दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांत कापून तापलेल्या तव्यावर परतले, की काही मिनिटांत शिजते आणि पावात भरून किंवा भाकरीत गुंडाळून खाता येते. पाश्चात्त्य देशांत गोमांसाचे स्टेक सँडविच असेच करतात. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६च्या कायद्याने बंदी आली आणि मार्च २०१५पासून ती बैल व वळूंनाही लागू झाली. म्हैसवर्गीय जनावरांना मात्र तपासणीच्या दाखल्यानंतर परवानगी मिळते. बारामती-इंदापूर भागात बहुतेक मांसाहारी घरांत येते ते बोकडाचे किंवा शेळीचे मटण. बोल्हाई देवीला मानणाऱ्या ज्या घरांत शेळी वर्ज्य आहे, तिथे मेंढ्याचे येते. म्हैसवर्गीय, शेळी-बोकड आणि मेंढा या तिन्हींच्या मांसांना पुढील सर्व सूचना सारख्याच लागू आहेत.

गावाकडची मटणाची सवय रस्स्याची आहे. रस्सा चुलीवर तासभर रटरटतो किंवा कुकरमध्ये शिट्ट्या घेतो, त्यामुळे कापताना, धुताना झालेला हलगर्जीपणा बहुतांशी त्या उकळीतच निभावतो. पातळ पट्टीला ही सवलत नाही. ती तव्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटे असते आणि तिच्याबरोबर पावात कच्चा कांदा, काकडी, कोथिंबीरही जाते. म्हणून या पदार्थाची बहुतेक काळजी मांस तव्यावर पडण्याआधीच घ्यावी लागते.

अखंड मांसात जंतू प्रामुख्याने वरच्या पृष्ठभागावर असतात. तुकडे जितके पातळ तितका उघडा पृष्ठभाग जास्त, आणि सुरी वरचे जंतू प्रत्येक नव्या कापावर पसरवत जाते. म्हणून कापलेल्या पट्ट्या ओट्यावर ठेवू नयेत. लगेच शिजवायच्या नसतील तर झाकण लावून फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवाव्यात, म्हणजे त्यांचे पाणी भाजीवर किंवा दुधावर ठिबकणार नाही. पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. एप्रिल-मे महिन्यांत इंदापूरच्या दुपारी स्वयंपाकघराचे तापमान सहज चाळिशीला टेकते, अशा वेळी कच्चे मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये. वीज गेली तर फ्रीज उघडू नये. बंद फ्रीज साधारण चार तास थंड राहतो. त्याहून जास्त वेळ गेला आणि मांस कोमट झाले, तर वास चांगला असला तरी ते टाकून द्यावे. आजारी पाडणारे अनेक जंतू वास बदलत नाहीत.

खाटकाकडून बिनहाडाचे मटण घेताना मागच्या रानाचे मागावे. तिथे स्नायू मोठे आणि चरबी कमी असते. सकाळी कापलेल्या जनावराचे मटण दुपारीच तव्यावर टाकले तर चिवट लागते, कारण कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि सैल व्हायला वेळ घेतात. एक रात्र फ्रीजमध्ये झाकून ठेवल्याने हा ताठरपणा बराच उतरतो. दुसऱ्या दिवशी अख्खा तुकडा पाऊण-एक तास बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. तो दगडासारखा गोठू नये, नुसता घट्ट व्हावा, म्हणजे सुरी घसरत नाही आणि पट्टी एकसारखी निघते. वरचा पांढरा पापुद्रा काढून, मांसाचे धागे ज्या दिशेने धावतात त्यांना आडवे कापावे. आखूड धाग्यांचे मांस चावायला सोपे जाते. दात कमी झालेल्या वृद्धांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. चावणे जमत नाही म्हणून मटण सोडलेल्या आजी-आजोबांना अशा पट्ट्या पुन्हा खाता येतात. किसलेल्या कच्च्या पपईचा गर वीस-तीस मिनिटे चोळला तरी मांस मऊ होते.

मांस नळाखाली धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. विळी मात्र नीट धुतलीच पाहिजे. मटण आणि कांदा एकाच विळीवर, मध्ये साबणाने न धुता चिरणे हा या पदार्थातला सर्वांत मोठा धोका आहे. कांदा-काकडी आधी चिरून बाजूला ठेवावी, मटण शेवटी घ्यावे, आणि नंतर विळी, पाट व हात साबणाने धुवावेत. हळद-मीठ चोळल्याने मांस निर्जंतुक होते, हा समज चुकीचा आहे.

लोखंडी तवा चांगला तापल्यावर पट्ट्या एका थरात टाकाव्यात. सगळ्या एकदम टाकल्या तर पाणी सुटते, तवा थंड पडतो आणि मांस त्या कोमट पाण्यात नुसते बसून राहते. एकाही पट्टीत गुलाबी रंग राहता कामा नये. गर्भवतींनी यात तडजोड करू नये. अर्धकच्च्या मटणातून होणारा टॉक्सोप्लाझ्मा परजीवीचा संसर्ग पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो. दुसऱ्या टोकाला, काळे होईपर्यंत करपवणेही टाळावे, कारण त्यात घातक रसायने तयार होतात.

आरोग्याच्या दृष्टीने पातळ पट्टीचे खरे मोल तिच्या प्रमाणात आहे. रस्स्याच्या बेताला माणशी पाव किलो मटण सहज लागते. पावात सत्तर-ऐंशी ग्रॅम कच्च्या मांसाच्या पट्ट्या भरपूर होतात आणि त्यातून साधारण पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या शिफारशीनुसार आठवड्याला शिजवलेले लाल मांस साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या वर जाऊ नये. मांसातले लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा घरांत मटणाचा वाटा आधी पुरुषांच्या ताटात जाण्याची रीत मोडायला हवी. पट्ट्यांवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नये. चहामुळे लोहाचे, विशेषतः भाजी-कडधान्यांतल्या लोहाचे शोषण घटते. युरिक अॅसिड वाढलेल्यांनी किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मधुमेह्यांनी मैद्याच्या पावाऐवजी ज्वारीची भाकरी घ्यावी.

मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. दलित कुटुंबांत त्यांना चान्या म्हणतात, आणि शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात त्या खाद्यपरंपरेची नोंद केली आहे. मोठ्या जनावराचे मांस एकाच वेळी मिळे आणि पुढचे कित्येक दिवस काहीच नसे, तेव्हा वाळवण हाच साठा होता. आजही कोणी चान्या करत असेल तर पट्ट्या आधी उकळून घ्याव्यात, मग माश्या बसणार नाहीत अशा जाळीखाली, कोरड्या हवेत वाळवाव्यात. पावसाळ्यात वाळवू नयेत. मीठ जास्त असल्याने रक्तदाबाच्या रुग्णांनी त्या टाळाव्यात. प्रौढाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. बाजारातल्या सलामी-सॉसेजला टाळण्याचा हा नियम अधिक कडकपणे लावावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवले आहे.

खाल्ल्यानंतर काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उलट्या-जुलाब सुरू झाले, तर क्षारसंजीवनी लगेच सुरू करावी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणे किंवा लहान मूल सुस्त पडणे यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या घरांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोन आठवड्यांहून जास्त चालणारा, चढ-उतार होणारा ताप, रात्रीचा घाम आणि सांधेदुखी हा ब्रुसेलोसिस असू शकतो. तो कच्चे मांस हाताळण्यातून, विताना जनावराला उघड्या हाताने मदत करण्यातून किंवा न उकळलेल्या दुधातून होतो. अशा तापात डॉक्टरांना घरातल्या जनावरांविषयी आवर्जून सांगावे, म्हणजे रक्ताची योग्य तपासणी वेळेत होते.