पोटातले जीवाणू आणि आपले मन : स्त्री-पुरुषांत फरक का?



परीक्षेच्या दिवशी पोरगा सकाळपासून तीनदा संडासला जाऊन येतो. घरात भांडण झाले की आईच्या घशाखाली घास उतरत नाही. मनाचा पोटावर परिणाम होतो, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. पण पोटाचा मनावर परिणाम होतो का? आणि तो स्त्री-पुरुषांत सारखाच असतो का? या वेळी आपण हे समजून घेऊ.

पोटात कोण राहते?

जंतू म्हटले की आपल्याला रोग आठवतो. पण आपल्या आतड्यात, विशेषतः मोठ्या आतड्यात, असंख्य जीवाणू कायम वस्तीला असतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. त्या सगळ्यांचे वजन मात्र पाव किलोही भरत नाही. त्यातले बहुतेक आपल्याला त्रास देत नाहीत, उलट उपयोगी पडतात. भाकरी, डाळ, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषण मिळते.

मेंदूला निरोप कसा पोहोचतो?

मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब नस जाते. तिला व्हेगस म्हणतात. तिच्यातून पोटाची खबर मेंदूला मिळते. दुसरा मार्ग रक्ताचा. सेरोटोनिन हे रसायन मनाच्या अवस्थेशी जोडलेले आहे. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते. ते सरळ मेंदूत शिरत नाही. मेंदू आपले सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून स्वतः बनवतो. हा घटक अन्नातून येतो आणि रक्तात तो किती राहील यावर आतड्यातल्या जीवाणूंचाही परिणाम होतो.

उंदरांवरचे प्रयोग

हे तपासण्यासाठी शास्त्रज्ञ पूर्ण निर्जंतुक पेटीत उंदीर वाढवतात. त्यांच्या पोटात एकही जीवाणू नसतो. २००४ साली जपानमध्ये दिसले की असे उंदीर कोंडले गेले की त्यांच्या शरीरात तणावाचे हार्मोन नेहमीपेक्षा जास्त वाढते. लहान वयात जीवाणू दिले तर हा दोष बराच सुधारला, उशिरा दिले तर नाही.

२०१३ साली आयर्लंडमधील कॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी नर आणि मादी दोन्ही तपासले. निर्जंतुक नरांच्या मेंदूत, आठवण आणि भावना सांभाळणाऱ्या भागात, सेरोटोनिन वाढलेले होते. माद्यांमध्ये तसे आढळले नाही. २०१८ च्या आणखी एका अभ्यासात मेंदूतल्या राखणदार पेशी पाहिल्या. जीवाणू नसल्याचा परिणाम आईच्या पोटात असताना नर पिल्लांवर जास्त दिसला, तर मोठेपणी माद्यांवर जास्त दिसला. म्हणजे कारण एकच, पण परिणाम वेगळा आणि वेळही वेगळी.

असे का होते?

एक मोठे कारण हार्मोन्स. आणि इथे देवाणघेवाण दोन्हीकडून चालते. स्त्रीच्या शरीरातले इस्ट्रोजेन यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरते. तिथले काही जीवाणू त्याला पुन्हा मोकळे करतात आणि ते रक्तात परतते. २०१३ साली कॅनडात नर उंदराच्या आतड्यातले जीवाणू मादी पिल्लांना दिले, तर त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढले. पाळीच्या दिवसांत अनेक बहिणींचे पोट बिघडते, त्यामागेही शरीरातले असे बदलच असतात.

एक सावधगिरी मात्र हवी. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. २०१३ साली अमेरिकेत ३६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतल्या काहींना चार आठवडे जीवाणूयुक्त आंबवलेले दूध दिले, तेव्हा भावनांशी संबंधित मेंदूच्या कामात फरक दिसला. पण त्यावरून दह्याने नैराश्य बरे होते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. २००९ सालच्या मेंदूविषयक प्राणी-संशोधनाची तपासणी झाली, तेव्हा केवळ माद्यांवरच्या एका अभ्यासामागे केवळ नरांवरचे साडेपाच अभ्यास निघाले. म्हणजे नराचे शरीर पाहून काढलेले निष्कर्ष बाईलाही लावले जात होते.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, घरातली बाई पोट फुगते, शौचाला साफ होत नाही, जीव घाबरतो असे सांगत असेल, तर "तुझ्या मनाचे खेळ आहेत" म्हणून तिला गप्प करू नका. बाहेरचे काही लागले म्हणून उतारेही नकोत. पोट आणि मन दोन्ही शरीराचेच भाग आहेत. त्रास खरा आहे, त्याला डॉक्टरच हवा.

दुसरी, ताटाची. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, पालेभाजी, ताक, आंबील हे जीवाणूंना मानवणारे स्वस्त अन्न आहे. पण सर्वांना वाढून उरलेली शिळी भाकरी आणि चटणी बाईच्या वाट्याला येत असेल, तर हे ज्ञान फुकट गेले. सर्वांनी एकत्र बसून जेवावे.

तिसरी, सार्वजनिक संडासाची रांग आणि अंधार टाळण्यासाठी अनेक बहिणी पाणी कमी पितात, शौच दाबून ठेवतात. त्याने बद्धकोष्ठ होते. संडासात दिवा, पाणी आणि कडी ही आरोग्याची मागणी आहे. वस्तीने ती मिळून करावी.

चौथी, सर्दी-खोकल्याला मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणू नका. त्याने चांगले जीवाणूही मरतात. डॉक्टरांनी दिले असेल तर मात्र अर्धवट सोडू नका.

शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, पोटाचा त्रास लांबणे, किंवा दोन आठवडे मन उदास राहणे, झोप-भूक उडणे, ही दवाखान्यात जाण्याची लक्षणे आहेत. मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते. मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू असतील तर स्वतःहून बंद करू नका.

आज रात्री जेवताना घरातल्या बाईला एवढेच विचारा : तुझे पोट कसे आहे, आणि मन कसे आहे? तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या.