‘मकर’ शब्दाचे विविध अर्थ

प्राथमिक शाळेत ‘मकर’ हा शब्द सणाच्या धड्यात येतो, तसाच भूगोलातही येतो. वैतरणेकाठच्या मनोर परिसरातील वर्गात ‘मकर म्हणजे काय?’ असे विचारल्यास कोणी ‘मगर’ म्हणेल, कोणी ‘संक्रांत’. यांपैकी एकही उत्तर निराधार नाही. म्हणून उत्तर खोडण्यापूर्वी शिक्षकांनी पुढील अर्थ ध्यानी घ्यावेत.

१. काल्पनिक जलचर : हा मूळचा प्रसिद्ध अर्थ. शिल्पांत त्यास बहुधा हत्तीची सोंड, मगरीचा जबडा व माशाचे शेपूट असते. हा गंगेचे व वरुणाचे वाहन होय. वेरूळच्या २१ व्या लेण्यात मकरावर उभी असलेली गंगा कोरलेली आहे.

२. मगर : हा मराठी शब्द ‘मकर’ यापासूनच प्राकृताच्या वाटेने आला आहे. यास्तव ‘मगर’ म्हणणारे मूल शब्दाच्या मुळाशी पोहोचलेले असते.

३. मकरध्वज : ज्याच्या ध्वजावर मकर आहे तो, म्हणजे मदन. मारुतीच्या कथेतील पुत्राचे व आयुर्वेदातील एका औषधाचेही हेच नाव आहे.

४. रास : बारा राशींतील दहावी. पाश्चात्त्य चित्रांत हिचे पुढील अंग बोकडाचे व मागील माशाचे असते.

५. मकरवृत्त : विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २३॥ अंशांवरील वृत्त. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य त्यावर माध्यान्ही डोक्यावर येतो.

येथेच एक चूक वर्गात शिरते. मकरसंक्रांतीस, म्हणजे १४ किंवा १५ जानेवारीस, दिवस मोठा होऊ लागतो असे सांगितले जाते. सुमारे १७०० वर्षांपूर्वी हे खरे होते. पृथ्वीच्या अक्षाची दिशा सावकाश बदलत गेल्यामुळे हे दोन दिवस आता दूर झाले आहेत. दिवस वाढू लागतो तो २२ डिसेंबरनंतरच.

उपक्रम : अंगणात १ मीटर उंचीची काठी सरळ रोवावी. दुपारी साडेबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी छाया मोजून सर्वांत आखूड माप टिपावे. मनोर येथे ते २२ डिसेंबरला सुमारे ९४ सेंटिमीटर, तर १४ जानेवारीला सुमारे ८७ सेंटिमीटर येईल. सूर्य आधीच उत्तरेकडे वळला होता, हे मुलांस आपोआप उमगेल.

शब्दाचा अर्थ वाक्यावरून ठरतो. मुलाचे उत्तर खोडण्याआधी त्यास एवढेच विचारावे : ‘कोणत्या वाक्यातला मकर?’